नेम कसा धरावा

आषाढी एकादशी जवळ आली की घरोघर एक प्रश्न विचारला जातो. "यंदा काय सोडलंस?" कोणी कांदा-लसूण सोडतो. कोणी वांगी सोडतो. कोणी एकच वेळ जेवतो. कोणी रोज हरिपाठ म्हणायचे ठरवतो. कार्तिकी एकादशीपर्यंत चार महिने हे चालते. यालाच आपण चातुर्मासाचा नेम म्हणतो.

नेम सगळ्यांच्यात आहेत. रमजानच्या महिन्यात मुसलमान बांधव पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा घोटही घेत नाहीत. बौद्ध बांधव आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास पाळतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा भगवान बुद्धांवरचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. वर्षावासात पुष्कळ विहारांत त्याचे वाचन होते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात.

तेव्हा नेम धरणे आपल्याला नवे नाही. त्यातली खुबी काय आहे बघा. नेमाला सुरुवातीचा दिवस असतो आणि शेवटचाही दिवस असतो. काय करायचे ते चार शब्दांत सांगता येते. घरच्या माणसांना ते ठाऊक असते. "मी आता नीट वागेन" हा काही नेम नव्हे. तो पाळला की मोडला, कोणाला कळणार? "मी वांगी खाणार नाही" हा नेम. मोडला तर ताटातच दिसतो.

हीच रीत शरीर आणि मन निरोगी ठेवायला वापरता येते. अंतःकरण स्वच्छ ठेवायलाही वापरता येते. कशी, ते सांगण्याआधी माझ्या चुलत्यांची हकिकत सांगतो. आम्ही त्यांना तात्या म्हणतो.

तात्या दर चातुर्मासात वांगी सोडत. वांगी त्यांना मुळातच आवडत नसत. एकदा आजी त्यांना म्हणाली, "अरे, वांग्याला तू कधी तोंड लावलंस? सोडायचं तर जिवावर येईल ते सोड."

तात्यांच्या जिवावर येईल अशी एकच गोष्ट होती. तंबाखू! चंची त्यांच्या कमरेला कायम असे. तळहातावर तंबाखू घ्यायची, चुना लावायचा, मळायची, आणि गालात बार धरायचा. वीस वर्षे असे चालले होते.

त्या वर्षी त्यांचा दात ठणकू लागला म्हणून ते तालुक्याला गेले. डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितले. दात राहिला बाजूला. जिथे तंबाखूचा बार धरत, तिथे गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. डॉक्टरांनी त्याचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंत घरात कोणाला जेवण गोड लागले नाही.

अहवाल आला. कॅन्सर नव्हता. पण डॉक्टर म्हणाले, "तात्या, हा चट्टा म्हणजे इशारा आहे. तंबाखू चालू राहिली तर याचाच पुढे कॅन्सर होऊ शकतो."

आपल्या देशात पुरुषांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये तोंडाचा कॅन्सर सर्वांत पुढे आहे. त्याचे मोठे कारण तंबाखू आणि सुपारी. बायामाणसे दाताला मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. पोटुशी बाई मशेरी लावत असेल तर मूल कमी वजनाचे होण्याचा धोका असतो. गुटख्याचे तर विचारूच नका. महाराष्ट्रात त्यावर २०१२ साली बंदी आली. तरी पुडी मिळते कशी, ते विकणारा जाणे आणि घेणारा जाणे.

तर तात्यांनी आषाढीला देवळात सगळ्यांसमोर सांगितले, "आजपासून तंबाखू बंद." चंची ओढ्यात फेकली. दोन दिवस निभावले. तिसऱ्या रात्री पंपाची वीज एक वाजता आली. उसाला पाणी द्यायला गेले. शेजारच्या शेतकऱ्याने हात पुढे केला. तात्यांनी चिमूट उचलली.

खरे नुकसान त्यानंतर झाले. त्यांच्या मनाने घेतले की नेम मोडला तो मोडलाच. आता काय राहिले? लोकांना तोंड कसे दाखवायचे म्हणून ते चोरून खाऊ लागले. आधी खात होते त्याहून जास्त!

पुन्हा दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "दिवसात किती वेळा खाता?"

"चार-पाच वेळा असेल."

काकू जवळच होती. ती म्हणाली, "अहो, एकदा मोजून तरी बघा."

दुसऱ्या दिवशी तात्यांनी उजव्या खिशात मक्याचे दाणे भरले. दर बाराला एक दाणा डाव्या खिशात टाकला. रात्री काकूने मोजले. चौदा निघाले! तात्यांना स्वतःलाच पटेना. माझे मत असे, की मोजल्याशिवाय नेम धरूच नये. आपण कुठे उभे आहोत हेच माहीत नसेल, तर किती चालायचे ते कसे ठरणार?

मग त्यांनी लहान नेम धरला. न्याहारी झाल्याशिवाय तंबाखूला हात लावायचा नाही. बस्स, एवढेच. सकाळ निभावू लागली तसे दर आठवड्याला दोन बार कमी केले. पोळ्याच्या दिवशी पूर्ण बंद करायचे, असे तारीख पाहून ठरवले. चंचीत लवंग आणि बडीशेप भरली. सुपारी नाही भरली, कारण ती स्वतःच घातक आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर काकूने कोळशाने रेघा मारायला सुरुवात केली. नेम पाळला की एक रेघ.

पोळ्यानंतरचा आठवडा फार जड गेला. चिडचिड होई. झोप लागेना. तलफ येई. पण डॉक्टरांनी सांगून ठेवले होते, "तलफ काही मिनिटांनी ओसरते. तेवढी वेळ काढा. पाणी प्या, चार पावलं चाला, कोणाशी बोला. पहिला आठवडा सर्वांत कठीण. महिनाभरात बराच आराम पडेल." तसेच झाले. ज्यांना एकट्याने जमत नाही त्यांच्यासाठी सरकारचा फुकट फोन आहे. १८००-११-२३५६. हाच नंबर तंबाखूच्या पुडीवर छापलेला असतो. आता तुम्हाला वाचता येते. पुडी हातात आलीच, तर तेवढा नंबर वाचा आणि पुडी खाली ठेवा.

सगळ्यांचाच नेम तंबाखूचा असणार नाही. दिवसभर खुरपणाऱ्या बाईला "व्यायाम कर" म्हणून सांगणे मला पटत नाही. तिने दुपारी अर्धा तास पाठ टेकण्याचा नेम धरावा, आणि घरच्यांनी तो मोडू देऊ नये. दुकानात बसणाऱ्याने मात्र रोज अर्धा तास भरभर चालावे. आठवड्यातून पाच दिवस तरी. ज्याच्या घरी लोणचे, पापड, ठेचा रोज लागतो, त्याने मिठाचा विचार करावा. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ पुरते. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात सगळे आले. वय तिशीच्या पुढे असेल तर रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात पैसे पडत नाहीत. आशाताईंना विचारा, त्या दिवस सांगतील.

आता तात्यांकडे परत येऊ. दसरा झाला. भिंतीवर रेघाच रेघा झाल्या. आणि परतीच्या पावसात काढलेले सोयाबीन भिजले. ढिगाला मोड फुटले. त्या रात्री तात्यांनी कुठून तरी तंबाखू आणली आणि दोन बार भरले.

पण या वेळी ते लपले नाहीत. सकाळी काकूला म्हणाले, "काल रेघ मारू नकोस. आज मार." भिंतीवर एका रेघेची जागा मोकळी राहिली. तिच्यापुढे रेघा पुन्हा सुरू झाल्या. एक दिवस चुकला म्हणून आधीचे दिवस पुसले जात नाहीत, एवढे त्यांना पहिल्या वेळेच्या फजितीने शिकवले होते. लागोपाठ दुसरा दिवस मात्र चुकू द्यायचा नाही, ही त्यांनी स्वतःला घालून घेतलेली अट.

पण त्या रात्री नेम मोडला कशाने? जिभेने नव्हे, मनाने. सोसायटीचा हप्ता, भिजलेला माल, मुलीची फी. सगळे डोक्यात घोंघावत होते. शरीराचा नेम मनाच्या ओझ्याखाली वाकतो. म्हणून मनालाही नेम हवा.

काकू तेव्हा नुकतीच साक्षरता वर्गाला जाऊ लागली होती. तिच्याजवळ वही होती. जेवणे झाली की ती वही घेऊन बसे. तात्या एकेक चिंता सांगत. काकू एका ओळीत एक लिही. मग समोर लिही, की याचे उद्या काय करायचे.

सोयाबीन भिजले. तलाठ्याला पंचनाम्याचे सांगणे.

हप्ता थकला. सचिवांना भेटून मुदत विचारणे.

बाजारभाव पडला. आपल्या हातात नाही.

ही तिसरी ओळ लिहायला तात्या तयार नव्हते. हातात नाही तर लिहायचे कशाला, असे त्यांचे म्हणणे. काकू म्हणाली, "लिहिलं की कळतं, ह्याच्यासाठी जागून उपयोग नाही." लिहून झाले की वही मिटायची आणि त्या विषयावर रात्री बोलायचे नाही, असा त्यांचा नेम ठरला. वाढलेला भाव काही वहीने आणला नाही. पण झोप आणली. काकूच्या शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. चिंतेला ऱ्हस्वदीर्घ कळत नाही, हे एक बरे!

मोबाइल अंथरुणात न घेणे, हाही आजकाल मनाचा चांगला नेम आहे. आमच्या घरात तो कोणाला जमलेला नाही, म्हणून जास्त सांगत नाही.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. काही वेळा मन इतके खचते की वहीने भागत नाही. कशातच जीव रमत नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही. जगणे नको वाटते. हा आजार आहे. ताप येतो तसाच. त्यावर नेम हे औषध नव्हे. घरच्यांशी बोला, दवाखान्यात जा. १४४१६ या नंबरावर फोन लावा. तो सरकारने २०२२ साली सुरू केला. रात्री-अपरात्रीही माणूस बोलतो, आणि मराठीतही बोलता येते. शेजारी कोणी असे गप्प-गप्प झालेले दिसले, तर जाऊन बसा त्याच्याजवळ.

आता अंतःकरणाच्या नेमाविषयी. इथे लोक फार गोंधळतात. देवापुढे जास्त वेळ बसला तो मोठा, असे समजतात. गाडगेबाबा आठवा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात त्यांचा जन्म झाला. १९५६ साली ते वारले. गावात पोचले की ते आधी हातात खराटा घेत. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडायची. दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, असे सांगायचे. त्यांना स्वतःला अक्षरओळख नव्हती. त्यांचा नेम होता तो झाडण्याचा. त्यात दाखवण्यासारखे काय आहे? पण तो त्यांनी जन्मभर सोडला नाही.

माझ्या आजीचा नेम याहून लहान. ती हरिपाठ म्हणे आणि त्याच तोंडाने सुनांवर ओरडे. एकदा तिचे तिलाच वाईट वाटले. तिने ठरवले, दिवा लावल्यापासून जेवणे होईपर्यंत कोणालाही कडू शब्द बोलायचा नाही. तास-दीड तास घर अगदी शांत असे. जेवणानंतर ती कसर भरून काढी, हेही खरे. पण तो तास पुढे हळूहळू वाढत गेला. काकू म्हणते, त्या तासात ती आजीशी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली.

नेमाच्या भरात एक चूक करू नका. साखरेच्या आजाराची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये. पोटात अन्न नसताना औषध गेले तर साखर एकदम उतरते. माणूस घामाघूम होऊन चक्कर येऊन पडतो. रक्तदाबाची गोळी "सोडली" म्हणणारेही मी पाहिले आहेत. औषध सोडणे हा नेम नव्हे.

आणि तिन्ही नेम एकदम धरू नका. तात्यांनी आधी तंबाखू घेतली. वही नंतर आली. वहीच्या पहिल्या पानावर तारीख टाका. काय करणार ते एका ओळीत लिहा. कुठवर करणार ती तारीख लिहा. ते घरातल्या एका माणसाला वाचून दाखवा. आपल्याला हसणार नाही असा माणूस निवडा.

तात्यांची तंबाखू सुटली त्याला तीन वर्षे झाली. चट्टा पुसट झाला आहे, तरी दर सहा महिन्यांनी ते तोंड दाखवून येतात. यंदा आषाढीला त्यांनी पुन्हा वांगी सोडली. आजी म्हणाली, "आता सोड. आता चालेल."