अकरा तासांचं हाँगकाँग

"अकरा तास एअरपोर्टवर बसून करणार काय तू? तिथे तर मेसही नाही!" माझं तिकीट बघून रूम-पार्टनरने पहिला प्रश्न हा टाकला.

ते अकरा तास होते म्हणूनच तर तिकीट परवडलं! मागच्या उन्हाळ्यात पेपर वाचायला सॅन फ्रान्सिस्कोला जायचं होतं. निम्मे पैसे डिपार्टमेंटने दिले, उरलेल्यांसाठी बाबांनी पतपेढीतून कर्ज काढलं. सगळ्यात स्वस्त तिकीट हाँगकाँगमार्गे होतं. तिथे जाताना नऊ तास थांबायचं आणि येताना अकरा. म्हटलं, पुन्हा कधी जाणं होईल कोण जाणे, एका खर्चात दोन गावं बघून घेऊ.

जाताना मात्र पुरती फजिती झाली. भारतीय पासपोर्ट असेल तर हाँगकाँग शहरात शिरण्याआधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. २०१७ पासून हा नियम आहे. फॉर्म फुकट असतो, उत्तर बहुतेक वेळा लगेच मिळतं, त्याची साध्या ए-फोर कागदावर प्रिंट काढायची. तिच्यावर सहा महिन्यांत कितीही वेळा, दर खेपेला १४ दिवसांपर्यंत राहता येतं. नुसतं विमान बदलायचं असेल तर याची गरज नाही. मी "ट्रान्झिटला व्हिसा लागत नाही" एवढंच कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि तेवढ्यावरच निघालो होतो. मग काय, नऊ तास काचेतून लांताऊ बेटाचे हिरवे डोंगर बघत बसलो! बाबांच्या कर्जाचा हप्ता डोळ्यांसमोर येत होता. येतानाची नोंदणी अमेरिकेत पोचल्याच्या रात्रीच उरकली.

आता लांबच्या विमानप्रवासाबद्दल थोडं. केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्या इतका नसतो, साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तेवढा ठेवलेला असतो. म्हणजे कळसूबाईच्या (१६४६ मीटर) माथ्याहूनही वर चौदा तास बसून राहायचं. बॅगेतला चिप्सचा पुडा फुगतो तो यामुळेच. बाहेरची हवा उणे पन्नासच्या आसपास, तिच्यात बाष्प जवळजवळ नसतंच. तीच दाबून आत घेतात, म्हणून घसा कोरडा पडतो. पाणी मागून मागून प्यायचं, लाजायचं नाही. बसून बसून पायांतलं रक्त साकळू शकतं, तेव्हा दर दोन तासांनी एक चक्कर मारायची. त्यासाठी खिडकीपेक्षा कडेची सीट बरी. शाकाहारी मंडळींनी जेवणाचं किमान एक दिवस आधी कळवावं, नाहीतर ब्रेड आणि सॅलडवर भागवावं लागतं.

परतीला १२ तारखेच्या मध्यरात्री एक वाजता निघालो आणि १३ तारखेला सकाळी साडेसहाला हाँगकाँगला उतरलो. मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली, त्यामुळे माझी १२ तारीख जेमतेम काही तासांची झाली. (जाताना उलटं: दुपारी निघालो आणि त्याच दिवशी सकाळी पोचलो!) मोठी बॅग थेट मुंबईपर्यंत टॅग झालेली, पाठीवर फक्त छोटी सॅक.

अकरा तास म्हणजे हातात अकरा नसतात. उतरून बाहेर पडायला एक, परत येऊन सिक्युरिटी वगैरेसाठी अडीच, जाण्यायेण्याचे दोन. उरले साडेपाच. तेवढ्यात सगळं शहर कसं होणार? एकच पट्टा धरायचा.

शहरात जाताना मी ट्रेनऐवजी ए-२१ नंबरची डबलडेकर बस घेतली. स्वस्त तर आहेच, पण वरच्या मजल्यावरून त्सिंग मा पूल दिसतो! १९९७ चा झुलता पूल, मधला गाळा १३७७ मीटरचा, वर सहा लेन आणि पोटात रेल्वे. सिव्हिलवाल्यांनी तर हा चुकवूच नये. आपला वांद्रे-वरळी सी-लिंक केबल-स्टेड, म्हणजे तारा मनोऱ्यातून थेट रस्त्याला. इथे दोन जाडजूड केबल आणि त्यांना टांगलेला रस्ता. पुस्तकातली आकृती बसच्या काचेत बघताना अंगावर काटा आला.

मग स्टार फेरी. हिची सुरुवात दोराबजी नवरोजी या मुंबईहून आलेल्या पारशी गृहस्थाने १८८८ मध्ये केली. बोटीला दोन्हीकडे नाळ, त्यामुळे वळावं लागत नाही. बाकांची पाठ उलटी पाडली की झालं. पलीकडे १९९३ पासून चालणारा ८०० मीटरचा सरकता जिना आहे. मी सव्वानऊला पोचलो तर जिना खाली येत होता! सकाळी सहा ते दहा तो ऑफिसला जाणाऱ्यांसाठी खाली धावतो, दहानंतर वर. आमच्या वाट्याला शेजारच्या पायऱ्या. पीक ट्रामची रांग बघून तो नाद सोडला. पुन्हा अलीकडे येऊन चुंगकिंग मॅन्शन्समध्ये डाळ-भात खाल्ला. मागेच मोदी रोड आहे. हाँगकाँग विद्यापीठाच्या इमारतीला मोठी देणगी देणारे होर्मसजी मोदी मूळचे मुंबईचेच.

इथवर सगळं ठीक होतं. दोन वाजता खाडीकाठच्या बाकावर "पाच मिनिटं" टेकलो. जाग आली तेव्हा घड्याळात पावणेचार, विमान सहाचं! घड्याळ हाँगकाँगचं होतं, शरीर मात्र सॅन फ्रान्सिस्कोचं, आणि तिथे रात्रीचे अकरा वाजून गेले होते. शरीरातलं घड्याळ म्हणजे २४ तासांपेक्षा किंचित जास्त आवर्तनाचा ऑसिलेटर. नव्या गावाच्या उजेडाला ते लॉक होतं, पण दिवसाला जेमतेम एखाद्या तासाने. इच्छाशक्तीचा इथे उपयोग नाही, गजर लावायचा.

त्या वेळी बस म्हणजे जुगार. उरलेल्या नोटा टॅक्सीवाल्याच्या हातात ठेवल्या, काउलून स्टेशन गाठलं, एअरपोर्ट एक्सप्रेसने वीस-बावीस मिनिटांत विमानतळ. गेटवर पोचलो तेव्हा शेवटची रांग आत सरकत होती. पुढचं विमान स्वतःच्या पैशाने पकडावं लागलं असतं, आणि घरी काय सांगणार होतो? जाताना बस, येताना ट्रेन, हे त्या दिवशी पक्कं झालं.

आमच्या विंगमधला एक ज्युनियर नोव्हेंबरात याच मार्गाने चाललाय. परवा रात्री त्याचा फॉर्म माझ्या लॅपटॉपवर भरला, प्रिंट गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढली. दोन प्रती. एक सॅकमध्ये, एक पासपोर्टच्या आत.