उघडी चाके आणि माणसाचा जीव



मोटार हा विषय आपल्या गावाला परका नाही. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगर-पुणे रस्त्यावरच धावली. लुना आपल्या गावच्या कारखान्यात तयार झाली. लष्करी वाहनांची परीक्षा घेणारी संस्था वाहननगरला आहे. माझे स्वतःचे शिक्षण बेताचे. जे काही शिकलो ते ड्रायव्हर, क्लीनर आणि फिटर यांच्या संगतीत.

हल्ली आमची तरुण पोरे फॉर्म्युला वनच्या शर्यती पाहतात आणि सुटीच्या दिवशी बाह्यवळण रस्त्यावर तसाच वेग घेऊ पाहतात. त्यांतल्या एकाने मला विचारले, "भाऊ, त्या गाडीची चाकं उघडी का?"

प्रश्न योग्य होता. पूर्वी वजन कमी व्हावे म्हणून शर्यतवाले मडगार्ड काढून टाकीत. पुढे तोच या गाड्यांचा प्रकार ठरला. धोकाही तेथेच आहे. साध्या मोटारी एकमेकींना घासल्या तर पत्रा चेपतो. येथे चाकाला चाक लागते. धावत्या चाकाची मागची बाजू वर जात असते आणि पुढची बाजू खाली येत असते. म्हणून मागच्या गाडीचे पुढचे चाक पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाला भिडले, की ते त्याच्यावर चढते आणि गाडी हवेत फेकली जाते. १९६१ साली इटलीत मोंझा येथे फॉन ट्रिप्स याची गाडी अशीच दुसऱ्या गाडीला लागून बांधावर उडाली. तो स्वतः गेला आणि डझनाहून अधिक प्रेक्षकही गेले.

मग हा धोका कमी कोणी केला? १९६६ साली बेल्जियममध्ये स्पा येथे जॅकी स्टुअर्ट मोडक्या गाडीत अडकला. अंगावर पेट्रोल गळत होते आणि जवळ मदतनीस नव्हता. सोबतच्या दोघा चालकांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला, तेव्हा तो सुटला. ज्या शर्यतीवर लाखो रुपये उधळले जात, तेथे एक पाना ठेवलेला नव्हता!

पण १९६१ सालीच या चालकांनी आपली संघटना काढली होती. १९६९ साली तिने स्पाच्या रस्त्यावर कठडे व इतर सुधारणा मागितल्या. त्या झाल्या नाहीत, तेव्हा चालक उतरले नाहीत आणि शर्यत रद्द झाली. १९७५ साली बार्सिलोनात कठड्यांचे बोल्ट ढिले आढळले. चालकांनी सराव नाकारला. संयोजकांनी गाड्या जप्त करण्याची धमकी दिली. शर्यत झाली, एक गाडी कठड्यापलीकडे गेली आणि निरपराध माणसे मेली.

२०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती टायटॅनियमची कमान सक्तीची झाली. ती कुरूप दिसते अशी पुष्कळांची ओरड होती. ग्रोजाँ या चालकाचाही तिला विरोध होता. २०२० साली बहरीनमध्ये त्याची गाडी कठड्यात घुसून पेटली आणि त्याच कमानीमुळे तो जिवंत बाहेर आला.

आता आपल्या घरी या. आमच्या एका सभासदाचा ट्रक पहाटे पुलावरून खाली गेला. तो अठरा तास स्टिअरिंगवर होता. कागदावर कारण लिहिले गेले, 'चालकास डुलकी लागली.' त्याला अठरा तास कोणी बसवले, हा रकाना त्या कागदावर नव्हता. मोटार वाहतूक कामगारांचा कायदाही १९६१ सालचाच, तो २०२५ पर्यंत लागू होता. दिवसाला आठ तास हा त्यातला मूळ नियम होता आणि लांब पल्ल्यालाही मर्यादा होती. कायदा होता, पण तो बजावून घेणारे हात थोडे होते.

शर्यतीचा चालक स्वखुशीने धोका पत्करतो, त्याबद्दल त्याला पैसा आणि कीर्ती मिळते. तरीही बोल्ट घट्ट आहेत की नाहीत हे त्याला पाहावे लागले, तेही एकट्याने नव्हे. आपला ड्रायव्हर पोटासाठी गाडीवर बसतो. तेव्हा तरुण मित्रांनो, शर्यत जरूर पाहा. परंतु तिच्यातून वेग घेऊन येऊ नका. गाडीत पाय ठेवण्यापूर्वी ब्रेक, टायर आणि आपली झोप तपासा. आणि मालक 'असेच चालव' म्हणाला, तर 'नाही' म्हणायला चौघांना बरोबर घेऊन जा.