अरबी समुद्राच्या तळाचे दप्तर

मही नदीच्या मुखाशी आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा अनेकांनी बडोद्याच्या संग्रहालयात पाहिलेला असतो. परंतु तो प्राणी सस्तन, श्वासासाठी वारंवार पृष्ठभागावर येणारा. सूर्यकिरण जेथे पोहोचतच नाहीत अशा खोल सागरातील खऱ्या मत्स्यांचा शोध आपल्याकडे ज्या जहाजाने घेतला, ते सरकारी सागर-मोजणी खात्याचे ‘इन्व्हेस्टिगेटर’ मुंबईच्याच गोदीत बांधलेले होते.

१८८८ ते १८९२ या काळात त्यावर शल्यवैद्य व निसर्गशास्त्रज्ञ या दुहेरी हुद्द्यावर असलेल्या आल्फ्रेड अल्कॉक यांनी तळ खरवडणाऱ्या जाळ्यातून आलेल्या अनेक अज्ञात जातींचे प्रथम वर्णन केले.

पुढे कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे अधीक्षक असताना, १८९८ मध्ये, त्यांनी ‘बेंथोबॅटिस मोर्सबाय’ हे नाव ज्या माशास दिले, तो त्रावणकोरच्या किनाऱ्यासमोर सुमारे ४३० वाव, म्हणजे जवळजवळ ८०० मीटर खोलीवर सापडला होता. विजेचा झटका देणाऱ्या चपट्या माशांच्या गटातील या जातीचे डोळे, निरंतर अंधारात निरुपयोगी ठरून, जवळजवळ लुप्त झालेले आहेत.

या संग्रहाची तपशीलवार सूची अल्कॉक यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केली.