घाटाचा उतार पचवणारं लोखंड

नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून निघालेली पिकअप माळशेज घाटाने कल्याणकडे चालली आहे. मालासकट तिचं वजन तीन टन धरू. सपाट रस्त्यावर ताशी 60 किलोमीटरने जाताना समोर गाय आली, चालकाने ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. मग तो वेग गेला कुठे?

थांबण्याआधी त्या गाडीत सुमारे 4 लाख 17 हजार ज्यूल ऊर्जा होती. तेवढ्या ऊर्जेत सव्वा लिटर गार पाण्याला उकळी फुटते. ही सगळी ऊर्जा काही सेकंदांत उष्णता होऊन पुढच्या डिस्कमध्ये आणि मागच्या ब्रेक ड्रममध्ये शिरते. घाटाचा हिशेब तर थक्क करणारा आहे. ही गाडी 500 मीटर खाली उतरली, तर जवळपास 1 कोटी 47 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. म्हणजे साठच्या वेगातून 35 वेळा थांबण्याइतकी! खालच्या गिअरमध्ये इंजिन त्यातला मोठा वाटा उचलतं. चालक गिअर न बदलता नुसता ब्रेकवर उतरला, तर जवळजवळ सगळा भार त्या लोखंडावर येतो.

ड्रमची रचना साधी आहे. चाकाबरोबर फिरणारं एक गोल भांडं आणि त्याच्या आत, लायनर बसवलेले, अर्धगोलाकार दोन शू. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब व्हील सिलिंडरमध्ये पोहोचतो आणि शू बाहेर ढकलले जातात. खरी गंमत पुढे आहे. दोनपैकी एक शू ड्रमला टेकला, की फिरणारा ड्रमच त्याला आपल्याकडे ओढून आणखी घट्ट आवळतो. चाकाचा वेगच चाक थांबवायला मदत करतो! फ्रान्सच्या लुई रेनॉ यांनी 1902 साली ड्रम ब्रेकचं पेटंट घेतलं. शंभराहून जास्त वर्षं उलटली, तरी ओझं वाहणाऱ्या अनेक गाड्यांच्या मागच्या चाकांत हीच युक्ती राबते आहे.

ड्रम बहुधा करड्या बिडाचा असतो, त्यालाही कारण आहे. या बिडात ग्राफाइटच्या बारीक पापड्या विखुरलेल्या असतात. त्या उष्णता झटकन पसरवतात आणि कंपनं शोषून घेतात. पण तापलेलं लोखंड फुगतं. आतून 280 मिलिमीटर व्यासाचा ड्रम 200 अंशांनी जास्त तापला, तर त्याचा व्यास सुमारे 0.6 मिलिमीटरने वाढतो. म्हणजे ड्रम शूपासून लांब सरकतो आणि पेडल खोल जाऊ लागतं. डिस्क तापली की पॅडच्या दिशेने फुगते, ड्रम मात्र उलट्या दिशेने जातो. त्यात लायनरही अति तापून पकड सोडू लागला, तर उतारावर जोर लावूनही गाडी आवरत नाही.

म्हणूनच जुना ड्रम ठेवायचा की बदलायचा, हे मिलिमीटरच्या अंशांवर ठरतं. बहुतेक ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा ओतलेला किंवा ठोकलेला असतो. झिजून किंवा लेथवर कापून आतला व्यास त्या आकड्यापलीकडे गेला, की ड्रम भंगारातच जायला हवा. भिंत पातळ झाली की उष्णता साठवायला लोखंड कमी उरतं, ती दाबाखाली जास्त वाकते आणि मूळ मापाचा शू फक्त मधोमध टेकतो. भेगा पडलेला ड्रम तर मोजायचीही गरज नाही, तो बाद. निळसर-काळे डाग म्हणजे तिथलं लोखंड अति तापून कडक झाल्याची खूण. पेडल पायाखाली थरथरत असेल, तर ड्रम लंबगोल झाला असण्याची शक्यता मोठी.

नवा ड्रम घेताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि पार्ट नंबर जुळवा. मग आतला व्यास, रुंदी, हबचं भोक आणि बोल्टची भोकं जुन्याशी ताडून पाहा. मागचे दोन्ही ड्रम जोडीने बदलावेत, नाहीतर दोन चाकांची पकड वेगळी होऊन गाडी एका बाजूला ओढते.

काम सपाट जागी, पुढच्या चाकांना उटी लावून, गाडी स्टँडवर टेकवूनच करायचं. मग हँडब्रेक सोडायचा. गंजून अडकलेला ड्रम हातोड्याने झोडपू नये. आधी अ‍ॅडजस्टर सैल करावा. ड्रमवर आटे पाडलेली भोकं असतील, तर त्यांत बोल्ट आवळत गेलं की तो सरळ बाहेर येतो. आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती ओल्या फडक्याने पुसा. नव्या ड्रमला गंज लागू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा, कारण तेलकट लायनर पकड घेत नाही. शेवटी शूचं अंतर जुळवा आणि रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक तपासा.

घाटात तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, बीड तडकतं. त्याला वाऱ्यावर निवू द्या. आणि पुढच्या वेळी मागचं चाक उघडेल तेव्हा मेकॅनिकला लायनरबरोबर ड्रमचा आतला व्यासही मोजायला सांगा.