तीन मिलिमीटरची मोकळीक

डेन्मार्क हा जवळजवळ सपाट देश आहे. तिथलं सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाण जेमतेम 171 मीटरचं. स्कीइंग करायचं तर डॅनिश माणसाला स्वीडन, नॉर्वे नाहीतर थेट आल्प्स गाठावे लागतात. अशा देशाच्या राजधानीत, कोपनहेगनच्या अमागेर बेटावर, लोक बारा महिने स्कीइंग करतात आणि तेही कचरा जाळून वीज व घरांसाठी ऊब तयार करणाऱ्या प्रकल्पाच्या छपरावर. ही 85 मीटर उंचीची इमारत बियार्के इंगेल्स यांच्या वास्तुसंस्थेने उतरत्या छपराची आखली. प्रकल्प 2017 मध्ये सुरू झाला आणि 2019 च्या ऑक्टोबरात छपरावरचा उतार लोकांसाठी खुला झाला. हा उतार हिरवा आहे आणि त्यावर बर्फाचा कणही नसतो. पायाखाली असतात ‘नेवेप्लास्ट’ या इटालियन कंपनीच्या, एकमेकींत अडकवलेल्या प्लॅस्टिकच्या फरशा.

वास्तूबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, पण फरशीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माझी उमेदीची वर्षं भोसरीत प्लॅस्टिकच्या मोल्डच्या कामात गेली. त्यामुळे कुठलीही प्लॅस्टिकची वस्तू हातात आली की मी ती आधी उलटी करून बघतो. अशी फरशी उलटी केली की खाली जाळी दिसते. तिच्यातून पाणी निघून जातं आणि गवतही वर येऊ शकतं. कडेला अडकवायच्या जागा असतात. सुलटी केली की शेकडो छोट्या, निमुळत्या काड्या, एकात एक वर्तुळांमध्ये उभ्या. तळहात दाबून फिरवला तर त्या वाकतात आणि हात सरकला की लगेच उभ्या राहतात. सगळी करामत त्या वाकण्यात आहे, आणि त्याहून जास्त फरशीच्या सांध्यात.

आधी बर्फ काय करतो ते पाहू. स्की बर्फावरून घसरते तेव्हा घर्षणाच्या उष्णतेने तिच्या तळाखाली पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो. स्की त्या थरावरून जाते, म्हणून घर्षणांक 0.05 च्या आसपास, कधी त्याहूनही कमी असतो. म्हणजे तीन अंशांच्या उतारावरही माणूस सरकत राहतो. आता हाच अंक 0.2 धरा. साधं त्रिकोणमितीचं गणित सांगतं की उतार 11 अंशांहून जास्त असल्याशिवाय स्की पुढे जाणारच नाही. नवशिक्यांसाठी जो हलका उतार लागतो, नेमका तोच प्लॅस्टिकवर अवघड होऊन बसतो.

आणि प्रश्न नुसता वेगाचा नाही. 75 किलोचा माणूस 15 अंशांच्या उतारावरून सेकंदाला 10 मीटर वेगाने खाली येतोय आणि घर्षणांक 0.2 आहे असं समजू. घर्षणातून सुमारे 1400 वॅट उष्णता बाहेर पडते, घरातल्या इस्त्रीपेक्षा जास्त. फरशीला ती फारशी बाधत नाही, कारण स्की तिच्यावरून क्षणात निघून जाते. स्कीचा तळ मात्र सतत घासला जातो. तो असतो पॉलिएथिलीनचा, आणि हे प्लॅस्टिक 130 अंशांच्या आसपास वितळतं. म्हणून पुष्कळ ठिकाणी उतारावर पाण्याचे फवारे मारतात. ते पाणी वंगणाचं काम करतं आणि उष्णताही वाहून नेतं. बर्फ जे आपोआप करतो ते इथे नळ टाकून करावं लागतं. पाण्याशिवायही चालेल अशी फरशी करायची, तर काडीचा आकार आणि प्लॅस्टिकची जात दोन्ही फार विचारपूर्वक निवडावी लागतात.

बरं, नुसती घसरण साधली म्हणून भागत नाही. स्की करणारा माणूस वळतो आणि थांबतो तो स्कीच्या पोलादी कडेवर भार देऊन. बर्फात ती कड रुतते, स्वतःपुरती खाच पाडते आणि त्या खाचेच्या आधारावर माणूस वळण घेतो. म्हणजे एकाच पृष्ठभागाने लांबीच्या दिशेने स्कीला सोडायचं आणि आडव्या दिशेने धरायचं. गुळगुळीत प्लॅस्टिकवर कड रुतणार कुठे? उत्तर सापडलं ब्रशमध्ये. स्की सपाट असते तेव्हा तिचा भार शेकडो काड्यांच्या टोकांवर वाटला जातो. ती कलली की सगळा भार कडेखालच्या मोजक्या काड्यांवर येतो, त्या वाकतात, कड त्यांच्यामध्ये शिरते आणि बाजूच्या काड्या तिला टेका देतात.

हे सुचायला बराच काळ गेला. 1927 मध्ये व्हिएन्नातल्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकात सोड्याची भुकटी पसरून ‘हिममहाल’ उघडला होता. तो फार दिवस टिकला नाही. खरी वाट सापडली 1954 मध्ये, पूर्व जर्मनीत. हान्स रेनर हे स्की-उडीचे प्रशिक्षक. बर्फ असेल तेवढेच दिवस सराव, ही त्यांच्या खेळाडूंची अडचण. त्यांनी प्लॅस्टिकच्या तंतूंच्या चटया तयार करून उडीच्या उतारावर अंथरल्या. गवताने शाकारलेलं छप्पर आठवा: प्रत्येक पेंढी खालच्या पेंढीवर पडलेली आणि सगळी टोकं उताराच्या दिशेने विंचरलेली. या चटया तशाच असतात. सहा वर्षांनी, 1960 च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये, पूर्व जर्मनीच्या हेल्मुट रेकनागेलने स्की-उडीचं सुवर्णपदक जिंकलं. तोवर हे पदक कायम उत्तर युरोपातल्या नॉर्डिक देशांकडेच गेलं होतं. आज स्की-उडीच्या उन्हाळी स्पर्धा अशाच ओल्या चटयांवर होतात.

पण उडी मारणारा सरळ खाली येतो. विंचरलेले तंतू त्याला पुरतात. वळणं घेत उतरणाऱ्याला ते अपुरे, कारण त्याची स्की दर दोन सेकंदांनी वेगळ्या दिशेला तोंड करते. ब्रिटनमध्ये यावर तोडगा निघाला तो वेल्समधल्या चेप्स्टो गावच्या ‘डेंडिक्स’ या ब्रश बनवणाऱ्या कंपनीकडून. धातूच्या पट्टीत ब्रशचे उभे केस बसवायचे आणि त्या पट्ट्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीत जोडायच्या. एडिंबराजवळच्या हिलेंडसह ब्रिटनभरच्या उतारांवर ही जाळी पसरली. साधा, कणखर माल. लँकशरमधल्या पेंडलच्या अशाच कोरड्या उतारावर शिकलेला डेव्ह रायडिंग 2022 मध्ये किट्झब्यूलची स्लॅलम शर्यत जिंकला. अल्पाइन विश्वचषकाची शर्यत जिंकणारा तो पहिला ब्रिटिश. त्याआधी 2014 च्या सोची ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्डवर कांस्य मिळवून बर्फावरचं ब्रिटनचं पहिलं ऑलिम्पिक पदक आणणारी जेनी जोन्सही सॉमरसेटमधल्या चर्चिलच्या कोरड्या उतारावरच शिकली होती.

त्या जाळीने अंगठे मात्र खूप मोडले. पडताना माणूस हात टेकतो, अंगठा जाळीच्या पोकळीत अडकतो आणि शरीर पुढे जातं. अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला असलेला अस्थिबंध फाटतो. कोरड्या उतारांवर हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला लावतात ते म्हणूनच. पुढच्या पिढीची फरशी आखणाऱ्यासमोर मग पहिली अट आली की बोट शिरेल अशी पोकळी कुठेही नको. काड्या दाट लावायच्या, पण इतक्या दाट नाही की कडेला शिरायला जागाच उरणार नाही.

वर्तुळांमागचं कारणही इथेच आहे. काड्या सरळ रांगांमध्ये लावल्या तर रांगेच्या दिशेने स्की एका तऱ्हेने वागते आणि तिरपी गेली की दुसऱ्या. ओळीने लावलेल्या भाताच्या वाफ्याकडे बांधावरून पाहताना काही कोनांतून मोकळ्या पट्ट्या दिसतात आणि काही कोनांतून नुसतं हिरवं दिसतं, तसंच. एकात एक वर्तुळांना अशी लाडकी दिशा नसते. स्की कुठूनही येवो, तिला साधारण तोच पृष्ठभाग भेटतो.

काडीची जाडी आणि उंची ठरवणं हा मला सर्वांत नाजूक भाग वाटतो. एका टोकाला घट्ट बसवलेल्या गोल काडीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि लांबीच्या तिसऱ्या घाताने कमी होतो. म्हणजे काडी फक्त 10 टक्के जास्त जाड केली तर ती 46 टक्के जास्त ताठ होते. 20 टक्के उंच केली तर ताठपणा 58 टक्क्यांवर येतो. कागदावर किरकोळ वाटणारा बदल पायाखाली वेगळाच डोंगर उभा करतो. शिवाय काडी मोल्डमधून सुटायलाही हवी. सरळसोट काडी आत चिकटते; ती टोकाकडे निमुळती ठेवावी लागते. सुदैवाने निमुळती काडी वाकतेही छान: बुंध्याशी घट्ट, टोकाशी नरम. कारखान्याची सोय आणि खेळाडूची गरज इतक्या सहज जुळलेली मी फार कमी वेळा पाहिली आहे.

आता सांधा.

पॉलिएथिलीनचा एक मीटरचा तुकडा एका अंशाने तापला की साधारण 0.15 मिलिमीटर वाढतो. ऐकायला काहीच नाही. पण गारठलेली पहाट आणि भर उन्हातली दुपार यांत 40 अंशांचा फरक धरा आणि उतार 100 मीटर लांब धरा. वाढ होते 60 सेंटिमीटर. तेवढंच पोलाद असतं तर 5 सेंटिमीटरच्या आत भागलं असतं. सगळा उतार अखंड प्लॅस्टिकचा केला, तर ही जादा 60 सेंटिमीटर जातील कुठे? उन्हाळ्यात रूळ वाकतात तशी फुगून वर येतील, आणि बरोबर तिथेच कुणीतरी वेगात येत असेल.

फरशी लागते ती यासाठी. 50 सेंटिमीटरच्या फरशीच्या वाट्याला त्या वाढीतले फक्त 3 मिलिमीटर येतात. प्रत्येक सांध्याला एवढी मोकळीक, कारखान्याच्या भाषेत ‘प्ले’, दिली की वाढ जिथल्या तिथे जिरते. पण उतारावर ती मोकळीक गप्प बसत नाही. वजनाने प्रत्येक फरशी खाली ओढली जाते, वरून ब्रेक लावणारा प्रत्येक माणूस तिला आणखी ढकलतो. सगळा पसारा फक्त माथ्यावर बांधला, तर 200 फरशांची मोकळीक खालच्या टोकाला एकत्र गोळा होईल. म्हणून फरशीची वरची बाजू जागेवर पक्की करायची आणि खालची मोकळी सोडायची, भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी. वाढली तरी खालीच वाढेल.

आणि स्कीची पोलादी कड असते साधारण 2 मिलिमीटर रुंद. वरून खाली सरळ गेलेली 3 मिलिमीटरची फट तिला गिळू शकते. तेव्हा सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत. विटांच्या बांधकामासारखी एक ओळ अर्धी सरकवायची. फरशीच्या काठावरच्या काड्या अशा बसवायच्या की दोन फरशांच्या सीमेवरही काडी ते काडी अंतर मोडू नये. स्की चालते काड्यांच्या टोकांवरून. खाली सांधा उघडला की मिटला, हे तिला कळता कामा नये. आडव्या सांध्यात वरच्या फरशीचा ओठ खालचीवर चढवायचा, म्हणजे वरून येणाऱ्याला कुठेही उलटी पायरी लागत नाही. कोकणातल्या घरांवरची मंगलोरी कौलं शंभर वर्षांहून जास्त काळ हेच करत आली आहेत: खाच, ओठ, थोडी मोकळीक. तिथे पाणी वाहतं, इथे माणूस.

मोल्डवाल्याची झोप उडवते ती आणखी एक गोष्ट. गरम प्लॅस्टिक थंड होताना आकसतं. पॉलिएथिलीन दोन टक्के आकसलं तरी 50 सेंटिमीटरमागे एक सेंटिमीटर जातो. तेवढा मोल्ड मोठा करता येतो. पण सगळे भाग एकाच वेगाने थंड झाले नाहीत तर फरशी पिळवटते आणि कोपरा उचलला जातो. पोहण्याच्या तलावाभोवती घालायच्या जाळीदार फरशांच्या एका कामात आमचा पहिला लॉट असाच गेला होता. मोल्डच्या एका बाजूचं पाणी कमी वाहत होतं, आणि प्रत्येक फरशीचा एकच कोपरा दोन मिलिमीटर वर येत होता. तलावाकाठी त्याने पायाला ठेच लागते. स्कीच्या उतारावर तोच कोपरा माणसाला हवेत उडवील. आणि 10,000 चौरस मीटरच्या उताराला 50 बाय 50 च्या 40,000 फरशा लागतात, त्यातली एकही तशी निघून चालत नाही.

या कामाच्या काळज्या उतार अंथरून झाल्यावरही संपत नाहीत. प्लॅस्टिक ऊन खातं आणि ठिसूळ होतं, म्हणून दाण्यातच ऊनरोधक रसायन मिसळावं लागतं. प्लॅस्टिक जळतंही; शेफील्डचा गाजलेला स्की व्हिलेज 2012 मध्ये आगीत गेला. आणि प्रत्येक वळणाला काड्यांचा थोडा चुरा पडतो. पाण्याबरोबर जाणारा तो चुरा गाळून अडवायची व्यवस्था आराखड्यातच असली पाहिजे, नंतरची डागडुजी म्हणून नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

काड्या सगळीकडे सारख्या झिजत नाहीत. सगळे जण जिथे वळतात तिथे आधी झिजतात, आणि कडेला, जिथे कुणी फिरकत नाही, तिथे वर्षानुवर्षं उंच राहतात. वळणावरची फरशी काढून तिथे कोरी बसवली तर नव्या काड्या शेजारणींपेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर उंच उभ्या राहतील आणि स्की नेमकी तिथेच अडखळेल. तेव्हा कोरी फरशी वळणावर घालायचीच नाही. थोडी वापरलेली, शेजारणींच्या उंचीशी जुळणारी एक फरशी वरच्या कडेजवळून सोडवून आणायची, वळणावर दाबून अडकवायची, आणि कोरी फरशी कडेच्या रिकाम्या चौकोनात बसवायची. अडकल्याचा ‘टक्’ असा आवाज आला की हात फिरवून पाहायचा: सांधा लागत नाही ना.