एक दिवस कान्हेरीच्या जंगलात : सहल की शाळा?



डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांत सहलीची चर्चा सुरू होते. बहुतेक वेळा गाडी वॉटर पार्कवर किंवा एखाद्या रिसॉर्टवर येऊन थांबते. मुलांना तिथं मजा येते, यात वाद नाही. पण दुसऱ्या दिवशी वर्गात "काय पाहिलंत?" असं विचारलं तर उत्तर काय येतं? "मॅडम, घसरगुंडी!" त्यापुढे बोलायला फारसं काही उरत नाही. शिवाय वर्गणी एवढी असते की दर वर्गातली चार-पाच मुलं "मला बरं नाही" असं सांगून घरी राहतात. त्यांना काय झालेलं असतं, हे आपल्याला ठाऊक असतं.

म्हणून या लेखात दुसरा पर्याय मांडते आहे. आपल्या जवळच असं ठिकाण शोधायचं, जिथे निसर्गही आहे आणि इतिहासही, आणि तिथे मुलांसोबत एक अख्खा दिवस उघड्यावर घालवायचा. उदाहरण म्हणून बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्या पोटातली कान्हेरी लेणी घेऊ. तुम्ही मुंबईचे नसलात तरी वाचा. पद्धत तीच राहील, फक्त ठिकाण तुमचं असेल.

हेच ठिकाण का?

जगातल्या फार थोड्या महानगरांच्या मधोमध असं जंगल उरलंय. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे उद्यान मुंबई आणि ठाणे यांच्यामध्ये पसरलेलं आहे. एका बाजूला बोरिवली, मुलुंड, ठाण्याच्या इमारती आणि त्यांना लागून थेट बिबट्याचं राज्य! आत विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत. विहार १८६० मध्ये पूर्ण झाला, तुळशी १८७९ मध्ये. आजही त्यांचं पाणी मुंबईला मिळतं. म्हणजे हे जंगल नुसतं बघण्याचं नाही, आपण ते रोज थोडं थोडं पितो, असं मुलांना सांगा. लगेच कान टवकारतात.

आणि याच जंगलात डोंगरावर शंभराहून अधिक लेणी आहेत. 'कान्हेरी' हे नाव 'कृष्णगिरी' म्हणजे काळा डोंगर यावरून आलं. हा कातळ ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून बनलेला. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ती उलथापालथ. त्यात इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास बौद्ध भिक्षूंसाठी लेणी कोरायला सुरुवात झाली आणि पुढे जवळजवळ हजार वर्षं इथं वस्ती, अभ्यास, ध्यान चालू राहिलं. परिसर अभ्यास, भूगोल, इतिहास, गणित, विज्ञान सगळं एका डोंगरावर सापडतं.

जाण्याआधी : वर्गातली तयारी

तयारीशिवाय नेलेली मुलं लेण्यांत फक्त आवाज घुमवतात. निदान दोन तासिका आधी द्या.

पहिल्या तासिकेत नकाशा घ्या. उद्यान, दोन तलाव, दहिसर नदी आणि आपली शाळा एवढंच काढायचं. दहिसर नदी तुळशी तलावातून निघते, उद्यानातून वाहते आणि मग शहरात शिरते. आत ती दगडगोट्यांवरून खळखळते, बाहेर आली की तिचा नाला होतो. "मधल्या काही किलोमीटरमध्ये नदीचं काय झालं?" हा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा. उत्तर तुम्ही देऊ नका.

दुसऱ्या तासिकेत 'लेणं' म्हणजे काय ते स्पष्ट करा. घर बांधताना आपण वीट वर वीट ठेवतो. लेणं करताना उलटं असतं, नको असलेला दगड काढून टाकायचा आणि उरतं ते लेणं. साबणाच्या वडीवर बोथट चमच्याने छोटं लेणं कोरायला लावा. एकदा का मुलाचा खांब मोडला, की छिन्नीचा एक घाव चुकला तर काय होत असेल, ते त्याला समजावून सांगावं लागत नाही.

प्रत्यक्ष दिवस

सकाळी लवकर पोहोचा. सोमवारी उद्यान आणि लेणी बंद असतात, हे वेळापत्रक करतानाच लक्षात ठेवा. मुख्य प्रवेशद्वारापासून लेणी सुमारे सहा किलोमीटर आत आहेत. आत जायच्या वाहनाची चौकशी आधीच करा. लेण्यांचं तिकीट वेगळं असतं, पण पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत प्रवेश मोफत असतो. वर्गणी कमी ठेवायला याची मदत होते. जेवणाला घरचा डबा. कोणी घरी राहायला नको.

लेण्यांपर्यंत जाताना घाई करू नका. ऐनाचं झाड दिसलं की थांबा. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी दिसते. मुलांना हात लावून बघू द्या. लाल मुंग्यांनी पानं शिवून केलेली घरटी दाखवा, मात्र हात लांब ठेवा! आणि कारवी दाखवायला विसरू नका. ही झुडपं वर्षानुवर्षं नुसती हिरवी असतात आणि आठ वर्षांनी एकदाच जांभळी फुलतात. फुलली, बी धरलं की ते झुडूप मरतं. इथं २०१६ मध्ये बहर आला होता, मग २०२४ मध्ये. पुढचा २०३२ च्या सुमारास. "तेव्हा तुम्ही कितवीत असाल?" असं विचारा. तिसरीची मुलं बोटं मोजायला लागतात आणि स्वतःलाच मोठं झालेलं बघतात. याच कारवीच्या काठ्यांना शेणमाती लिंपून कुडाच्या भिंती करतात. उद्यानात आदिवासी पाडे आहेत, तिथली वारली माणसं या जंगलाला पिढ्यानपिढ्या ओळखतात, हेही आवर्जून सांगा. पण पाड्यात घोळका घेऊन फोटो काढायला शिरू नका. ते कुणाचं तरी घर आहे.

लेण्यांत काय बघायचं?

सगळी लेणी बघण्याचा हट्ट धरू नका. तीन गोष्टी नीट बघितल्या तरी दिवस सार्थकी लागतो.

पहिली, तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह. ओळीने खांब, शेवटी स्तूप, वर कमानीसारखं छत. व्हरांड्याच्या दोन टोकांना बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती आहेत. मुलांना आत दोन मिनिटं डोळे मिटून, अगदी गप्प बसवा. बाहेर आल्यावर "आत कसं वाटलं?" एवढंच विचारा. इथे सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला शिलालेख आहे. सहावीच्या इतिहासातले सातवाहन म्हणजे चार ओळींची टीप वाटते ना? इथं ते दगडात भेटतात.

दुसरी, शिलालेख. ब्राह्मी लिपीतली ही अक्षरं आपल्याला वाचता येत नाहीत, पण ती आपल्या देवनागरीची पूर्वज आहेत. त्यात राजांच्या बढाया कमी आणि दान देणाऱ्यांची नावं जास्त आहेत. कल्याण, सोपारा, नाशिक इथली माणसं. व्यापारी होते, गृहस्थ होते, भिक्षुणीही होत्या. कोणी लेणं दिलं, कोणी पाण्याचं टाकं दिलं. टाक्याला त्या लेखांत 'पोढी' म्हटलंय. आजही लेण्यांचे अभ्यासक हाच शब्द वापरतात. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा! लोकलच्या पाटीवर रोज वाचतो ते नाव दोन हजार वर्षं जुनं आहे, हे ऐकून मुलांचे डोळे बघा कसे होतात ते.

आता त्याच भिंतींवर कुठेकुठे खिळ्याने कोरलेली आजची नावंही दिसतील. मुलांना ती दाखवा, लपवू नका. आणि विचारा, "दोघांनीही नावं कोरली. मग फरक काय?" चर्चा होऊ द्या. एकाने लोकांना पाणी देऊन नाव लिहिलं, दुसऱ्याने काहीच न देता. हे मुलांकडूनच येतं. संरक्षित स्मारकाची नासधूस हा १९५८ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, हे त्यानंतर सांगा. कायदा आधी सांगितला तर भीती बसेल, समज येणार नाही.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची : पाणी

कान्हेरीचं खरं आश्चर्य मूर्तींत नाही, पाण्यात आहे. डोंगरावर विहीर नाही, पावसाळा चार महिन्यांचा. मग शेकडो माणसं आठ महिने काय प्यायची? उत्तर तुमच्या पायाखाली आहे. कातळात कोरलेल्या बारीक पन्हळी बघा. छतावर, भिंतीच्या कडेने, पायऱ्यांच्या बाजूने पावसाचं पाणी वळवून टाक्यांत आणलेलं आहे. जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी टाकं आहे. शिवाय लेण्यांमधल्या घळीत बांध घालून पाणी अडवल्याच्या खुणाही आहेत.

इथे गणित करा. मोठ्या मुलांसाठी हा हिशेब द्या. (मापं समजण्यासाठी घेतलेली आहेत.)

- कातळाचा १० मीटर लांब, ५ मीटर रुंद तुकडा म्हणजे ५० चौरस मीटर.
- मुंबईत वर्षाला २ मीटरहून जास्त पाऊस पडतो. हिशेबाला २ मीटर धरू.
- ५० × २ = १०० घनमीटर. एक घनमीटर म्हणजे १,००० लीटर. म्हणजे १,००,००० लीटर पाणी!
- आता टाकं २ मीटर लांब, २ मीटर रुंद, दीड मीटर खोल. म्हणजे ६ घनमीटर, ६,००० लीटर.
- दहा भिक्षू, प्रत्येकी रोज १० लीटर, म्हणजे रोज १०० लीटर. ते टाकं पुरेल ६० दिवस.

आठ महिने म्हणजे साधारण २४० दिवस. म्हणजे अशी चार टाकी हवीत. मुलं इथे स्वतःच एका निष्कर्षाला येतात : पाऊस कमी नव्हता, साठवायला जागा लागते. मग हळूच विचारा, "आपल्या शाळेच्या गच्चीवर पडलेलं पाणी कुठे जातं?" सहल खरी इथे सुरू होते.

सुरक्षितता : पालकांसाठी थोडं

"बिबट्या आला तर?" हा प्रश्न प्रत्येक पालकसभेत येतो, आणि तो रास्त आहे. दिवसाउजेडी, ठरलेल्या वाटेवर, गटाने फिरताना बिबट्या समोर येण्याची शक्यता फार कमी असते. तो माणसांच्या गोंगाटापासून दूर राहतो. रोजची खरी काळजी वेगळी आहे :

- माकडं. हातात खाऊ किंवा पिशवी लटकवत फिरू नका. त्यांना खायला घालू नका आणि दात विचकले तर हसू नका.
- टाक्यांच्या कडा. शेवाळाने निसरड्या असतात आणि खोली कळत नाही. टाक्याचं माप लांबून, पावलांच्या अंदाजाने घ्या.
- ऊन. टोपी, पाण्याची बाटली, पायात चांगले बूट. चपला नकोत.
- पावसाळ्यात कातळ घसरतो, लहान मुलांना तेव्हा नेऊ नका.
- दहा-बारा मुलांमागे एक मोठं माणूस. पालकांनाच बरोबर बोलवा. त्यांचीही शाळा होते!

प्लॅस्टिक आत नेऊ नका. डब्यातलं उष्टंसुद्धा परत घरी.

परत आल्यावर

'माझी सहल' हा निबंध लिहायला लावू नका. सगळे "आम्ही सकाळी लवकर उठलो" इथूनच सुरू होतात. त्याऐवजी प्रत्येकाला एकच वस्तू निवडू द्या. कोणाला पन्हळ, कोणाला ऐनाची साल, कोणाला एक ब्राह्मी अक्षर. त्याचं चित्र आणि खाली पाच वाक्यं. आणि फळ्यावरचा तो नदीचा प्रश्न आठवतो ना? आता मुलांना उत्तर लिहू द्या.

तुमच्या गावाजवळ काय?

मुंबईबाहेरच्या शिक्षकांनो, शोधलंत तर असं ठिकाण सापडतंच. पनवेलजवळ कर्नाळा : खाली पक्षी अभयारण्य, वर किल्ला. जुन्नरला लेण्याद्री आणि शिवनेरी. नाशिकला पांडवलेणी. सांगली जिल्ह्यात सागरेश्वर : हरणांचं अभयारण्य आणि जुनी मंदिरं. गोव्यात तांबडी सुर्ल : जंगलात लपलेलं कदंबकालीन महादेव मंदिर. आणि यातलं काहीच जवळ नसेल तर गावची बारव, पडका वाडा, देवराई आहेच. देवराईत जुनी झाडं आणि जुन्या गोष्टी एकाच जागी भेटतात.

ठिकाण मोठं असायलाच हवं असं नाही. शिक्षकाने आधी एकदा स्वतः जाऊन, दोन तास निवांत बसून ते बघितलेलं असावं, एवढंच पुरे. या रविवारी आपापल्या गावाजवळची एक जागा बघून या, आणि तिथे मुलांना विचारायचे तीन प्रश्न वहीत लिहून आणा. सहलीचं नियोजन तिथेच निम्मं झालेलं असेल.