मोहाच्या दिवसांत अस्वलापासून जपा

होळी आटोपली की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या आपल्या मुलखात मोह गळू लागतो. पहाटेच्या अंधारातच घरोघरच्या टोपल्या बाहेर निघतात. कोणी तर मोहाच्या झाडाजवळच मुक्काम करतात. मोह सरतो न सरतो तोच तेंदूपत्त्याचे दिवस येतात. या दिवसांत जो पैसा हाती येतो, त्यावर बी-बियाणे, मुलांची पुस्तके, लग्नकार्य सारे चालते. तेव्हा ‘जंगलात जाऊच नका’ असे आम्ही तुम्हांला सांगणार नाही. जावे कसे आणि राहावे कसे, एवढेच सांगणार आहोत.

आमच्या हाताखाली शिकून गेलेला एक मुलगा होता. मोठा झाला, संसाराला लागला. एका वर्षी तो पहाटे एकटाच मोह वेचायला गेला. दुसऱ्या कोणी आधी येऊन फुलं वेचू नयेत म्हणून गुपचूप गेला. बॅटरी नाही, बोलणं नाही. झाडामागे अस्वलाची मादी पिलांसह मोह खात होती. हा वाकून वेचत वेचत अगदी तिच्याजवळ गेला. ती दचकली आणि अंगावर आली. गडी वाचला, पण एक डोळा गेला. आम्ही त्याला भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, मी नुसता खोकललो असतो ना, तरी ती पिलं घेऊन निघून गेली असती.”

मंडळी, या लेखात सांगण्यासारखे जे आहे, ते सारे त्याच्या या एका बोलण्यात आहे.

अस्वल अंगावर का येते?

अस्वल माणसाला खाण्यासाठी येत नाही. त्याचे खाणे म्हणजे वाळवी, मुंग्या, मध, आणि मोह, तेंदू, बोर, जांभूळ, उंबर अशी फुलेफळे. वाघाची गोष्ट वेगळी, अस्वलाची वेगळी.

मग ते अंगावर का येते? भीतीने येते. अस्वलाचे नाक फार तीक्ष्ण आहे, पण त्याची नजर अधू आणि कानही बेताचेच. वारा त्याच्याकडून आपल्याकडे वाहत असला तर आपला वासही त्याला लागत नाही. त्यातून ते वारूळ उकरून वाळवी ओढू लागले की खाण्यातच गुंग होते. त्याच्या वरच्या दातांतले पुढचे दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी फुर्रफुर्र ओढून घेते. त्या आवाजात त्याला आपली चाहूल लागत नाही. मान वर करून पाहते तो माणूस पाच-दहा हातांवर! पळायला वाट नाही असे त्याला वाटते आणि ते झेप घेते. त्याची नखे तीन-चार इंच लांब असतात. बहुधा ते तोंडावर आणि डोक्यावरच घाव घालते. मादीबरोबर पिले असली तर ती अधिकच चवताळते. लहान पिले आईच्या पाठीवर बसून हिंडतात, त्यामुळे अंधारात ती दिसतही नाहीत.

आधी खबर द्या

यावर उपाय सोपा आहे. आपण येत आहोत ही खबर अस्वलाला लांबूनच द्यावी.

एकटे जाऊ नका. चार-पाच जण मिळून जा. वाटेने मोठ्याने बोला, खोकला, गाणे म्हणा. हातात काठी असू द्या. काठीला घुंगरू बांधले तर फारच चांगले. बॅटरी जवळ ठेवा. झाडाजवळ पोचण्याआधीच थांबा, हाळी द्या, काठी आपटा, उजेड पाडून चारी बाजूंना पाहा. मग पुढे व्हा. जमत असेल तर उजाडल्यावरच वेचायला लागा. फुलं तासभर उशिरा वेचली म्हणून कोणी उपाशी राहत नाही.

आदल्या दिवशी उजेडात झाडाखालची झुडपे काढून ठेवा, म्हणजे लांबचे दिसेल. पालापाचोळा खराट्याने झाडा. तो पेटवू नका. एका झाडाखाली लावलेली आग सारे रान जाळते. उकरलेले ताजे वारूळ किंवा फळांच्या बिया असलेली विष्ठा दिसली तर अस्वल जवळपास आहे असे समजा. दिवसा ते खडकांच्या कपारीत, गुहेत किंवा नाल्याकाठच्या दाट झुडपात पडून असते. तिकडे वाकून पाहू नका.

मुक्काम करताना

रात्री राहायचेच असेल तर मोकळी जागा पाहा. पाणवठा, नाला आणि जनावरांची वाट यांच्यापासून दूर राहा. मोहाच्या बुंध्याशी झोपू नका, कारण रात्री तिथेच अस्वल येणार. वेचलेला मोह उशाशी ठेवू नका, त्याच्या वासाने ते येते. गूळ, मध, उरलेले अन्न यांचेही तेच. पाळीपाळीने एकाने जागे राहावे. शेकोटी पेटवायची तर भोवतालचा पाला आधी झाडून काढा आणि निघताना पाणी ओतून विझवा. बाहेर जायचे झाले तर दोघे मिळून, बॅटरी घेऊन जा. आणि रानात दारू पिऊ नका. झिंगलेल्या माणसाला समोरचे अस्वल दिसत नाही.

जमिनीवर झोपणे टाळा. मण्यार साप रात्री अंथरुणात शिरतो. तो चावला तर दुखतही नाही, पण जीव जातो. खाट किंवा मचाण असावे, मच्छरदाणी असावी आणि तिच्या कडा खाली दाबून घ्याव्यात. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. औषध दवाखान्यातच आहे.

तेंदूपत्ता तोडताना वाघाचे भान ठेवा. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. मधून मधून उभे राहा, बोलत राहा, एकमेकांच्या नजरेत राहा. वाघ दिसला तर पाठ फिरवून पळू नका. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका.

अस्वल समोर आले तर

पळू नका. ते आपल्यापेक्षा जोरात पळते. झाडावर चढू नका, तेही झाडावर चढते. त्याला आपण दिसलो नसलो तर गुपचूप आल्या वाटेने मागे फिरा. दिसलो असलो तर हळूहळू मागे सरका आणि त्याला जायला वाट द्या. दगड मारू नका.

अंगावर आलेच तर पालथे पडा. तोंड जमिनीकडे करा. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून मानेवर घट्ट धरा. ते निघून जाईपर्यंत उठू नका. बरोबरच्यांनी एकजुटीने ओरडावे, काठ्या आपटाव्या.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. रक्त थांबले की जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. हळद, राख, तंबाखू भरू नका. १०८ वर फोन करून गाडी बोलवा. दवाखान्यात धनुर्वाताची आणि पिसाळी रोगाची लस मागा. त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा आणि पंचनामा करून घ्या. वनखात्याचा फोन १९२६ आहे. जखमी माणसाला सरकारकडून भरपाई मिळते, म्हणून दवाखान्याचा एकही कागद टाकू नका.

रागाच्या भरात कोणी अस्वल मारायला निघतात. १९७२ च्या कायद्याप्रमाणे तो मोठा गुन्हा आहे. शिवाय एक विचार करा. अस्वल तेंदूची फळे खाते आणि त्याच्या विष्ठेतून ते बी रानभर पेरले जाते. ज्या पानावर आपले पोट चालते, त्या झाडाची लावणी तेही करते.

आता एक काम करा. तुम्ही वाचायला शिकलात. आज संध्याकाळी शेजारच्या चार घरांना बोलावून हा लेख मोठ्याने वाचून दाखवा. आणि उद्या पहाटे निघाल तेव्हा सगळे मिळून, बोलत, खोकत जा.